विशेषणांची घाई

मी मानसशास्त्र शिकवतो आणि निरीक्षणपद्धतीचं प्रकरण दर वर्षी माझ्याकडेच असतं. फळ्याचे दोन भाग करतो. डावीकडे काय दिसलं ते, उजवीकडे त्याचा आपण लावलेला अर्थ. दोन्हींची सरमिसळ करू नका, असं मुलांना बजावतो. हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोललो आहे की ते आता माझ्या अंगात मुरलं असणार, असं मी गृहीत धरलं होतं. तपासून कधी पाहिलं नव्हतं.

एका लेखासाठी मी धूलकोटच्या माझ्या जुन्या वह्या काढल्या, तेव्हा ते तपासलं गेलं. ‘मुलगा लाजाळू.’ ‘मुलगी अकाली प्रौढ.’ ‘आई उदासीन.’ ‘वर्ग निष्क्रिय.’ पानामागून पान हेच. मुलाने हाताचं काय केलं, कोणाकडे पाहिलं, कोणी काय म्हटल्यावर मान खाली घातली, किती वेळ तसाच राहिला, याबद्दल जवळजवळ काहीच नाही. डावा रकाना रिकामा आणि उजवा तुडुंब. विद्यार्थ्याने अशी वही दिली असती तर मी परत केली असती.

मग मी स्वतःची वही इतकी वर्षं कपाटात कशाच्या बळावर ठेवली?

धूलकोट आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं गाव. आजूबाजूच्या फालियांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, बारेला, भिल, भिलाला कुटुंबं राहतात. बारेलांच्याच भाऊबंदांना डोंगराच्या दक्षिणेकडे, जळगाव-धुळ्याच्या बाजूला, पावरा म्हणतात. घरात बारेली, बाजारात निमाडी आणि हिंदी, शाळेच्या पुस्तकात तिसरीच, छापील हिंदी. आम्ही बऱ्हाणपुरातून जाणारे बरेचसे मराठी घरांतले. म्हणजे तिथलं मूल जे बोलतं आणि माझ्या वहीत जे उतरतं, त्यांच्यामध्ये निदान दोन-तीन भाषा उभ्या असतात. एवढं अंतर असताना मी मनाच्या आतल्या गोष्टी, लाज, औदासीन्य, प्रौढपण, इतक्या खात्रीने लिहीत होतो. शेजारच्या घरातल्या ओळखीच्या मुलाबद्दल मी इतक्या चटकन लिहिलं असतं का? नसतं. तिथे मला चुकीचं ठरवायला त्याची आई होती.

धूलकोटच का निवडलं, हेही सांगायला हवं. विद्यार्थ्यांना मी शैक्षणिक कारणं सांगितली होती: वेगळी संस्कृती, नैसर्गिक परिस्थिती, प्रत्यक्ष अनुभव. ती कारणं खोटी नव्हती. पण ‘आदिवासी भागातील निरीक्षण’ हे शब्द अहवालाच्या पहिल्या पानावर चांगले दिसतात, हे मला ठाऊक होतं आणि मला ते हवे होते. ज्यांच्याकडे पाहायला निघालो त्यांच्यापेक्षा, आपण पाहायला गेलो हे इतरांनी पाहावं, याची ओढ जास्त होती. अशा ओढीने गेलेला माणूस तिथे किती वेळ थांबणार? काम झालं असं वाटण्यापुरताच. आणि काम झालं असं वाटायला विशेषणासारखं सोयीचं दुसरं काही नाही. एकदा ‘लाजाळू’ लिहिलं की पुढे पाहण्याची गरजच संपते.

ती ‘अकाली प्रौढ’ मुलगी मला आठवड्याच्या बाजारात दिसली होती. आठ-नऊ वर्षांची असेल. कडेवर लहान भाऊ. मी लगेच तो शब्द लिहिला आणि खाली एक हळहळीचं वाक्यही, हरवलेल्या बालपणाबद्दल. आज प्रयत्न करून आठवतो तेव्हा एवढंच हाताशी येतं: ती दुकानापाशी उभी होती, भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत होती, मोकळ्या हाताने खडे वर उडवून झेलत होती, आणि तिच्यासमोर आणखी एक मुलगी बसली होती, तिचाही डाव चालू होता. म्हणजे ती खेळत होती. मी डोळ्यांनी तो खेळ पाहिला होता आणि हातांनी हरवलेलं बालपण लिहिलं होतं. हळहळ खरी होती. पण ती कुठून आली? त्या मुलीकडे पाहून, की अशा मुलीबद्दल मी आधी वाचलेल्या लेखांतून?

तिच्या डोक्यावर जबाबदारी नव्हती, असं मी म्हणत नाही. असेलही, आणि नको तितकी असेल. पण ते ठरवायला तिच्याजवळ दिवस काढावा लागला असता. १९५० च्या दशकात बिआट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांच्या पुढाकाराने सहा समाजांतल्या मुलांचा अभ्यास झाला. त्यात केनिया, मेक्सिको, फिलिपाइन्स, ओकिनावा, अमेरिका होती आणि उत्तर प्रदेशातलं खालापूर हे राजपुतांचं गावही होतं. संशोधक त्या गावांत राहिले आणि एकेका मुलाची पाच-पाच मिनिटांची निरीक्षणं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा घेतली. त्याचं पुस्तक १९७५ साली आलं. जिथे मुलांकडे धाकट्या भावंडांचं आणि घरचं काम जास्त असतं, तिथली मुलं दुसऱ्याला मदत, आधार, सल्ला जास्त देताना दिसली. त्या मोजणीत खालापूर मात्र मदत मागणाऱ्या आणि हुकूम सोडणाऱ्या मुलांच्या गटात गेलं, अमेरिकेतल्या गावाच्या बरोबर. ‘भारतीय मूल’, ‘ग्रामीण मूल’ अशा मोठ्या शब्दांत मावणार नाही, असं हे उत्तर आहे आणि ते मिळालं कारण कोणी आधी मूल काय करतं ते लिहिलं, मग बेरीज केली. हा अभ्यास मी वर्गात शिकवलेला आहे. बाजारात उभा असताना तो मला आठवला नाही.

वर्गातली गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिच्यात माझ्या विद्यार्थिनीवर झालेला अन्याय आहे.

त्या भागातल्या एका शाळेत आम्ही परवानगी घेऊन मागच्या बाजूला बसलो होतो. प्रत्येकाच्या हातात तक्ता. ठरावीक सेकंदांनी मूल काय करतं आहे त्यावर खूण करायची: बोलतं, लिहितं, इकडेतिकडे पाहतं, गप्प बसतं. ‘गप्प’च्या रकान्यात खुणांची रांग लागली. सगळ्यांच्या तक्त्यांमध्ये लागली. परतताना मी समाधानी होतो, कारण निरीक्षकांमध्ये एकमत होतं आणि एकमत हे विश्वसनीयतेचं लक्षण, असं पुस्तकात आहे. चार जणांनी एकमेकांना न विचारता ‘अबोल’ लिहिलं, तर मुलं अबोलच ना?

पण आम्ही चौघे एकाच ठिकाणाहून आलो होतो, एकाच भाषेत विचार करत होतो आणि मुलांच्या पाठीमागे एकाच बाकावर बसलो होतो. एकमत झालं नसतं तरच आश्चर्य. आमचं एकमत आमच्याबद्दल सांगत होतं. मुलांबद्दल ते किती सांगत होतं?

आम्हा चौघांखेरीज सोबत असलेली एक विद्यार्थिनी त्याच बाजूची होती आणि तिला बारेली येत होती. मी तिला सोबत घेतलं ते मुख्यतः दुभाषी म्हणून. तिचे डोळेही आपल्या कामाचे आहेत, हे मला सुचलं नव्हतं. ती तक्ता अर्धा सोडून मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन बसली. तिच्या फाइलमध्ये खुणांऐवजी वाक्यं होती. आम्ही वर्गातून उठून गेल्यावर मुलं बोलायला लागली, असं तिने लिहिलं होतं. आमच्या तक्त्यांत सर्वांत जास्त वेळ ‘गप्प’ असलेला मुलगा बाहेर जमिनीवर खडे मांडून दुसऱ्याला वजाबाकी दाखवत होता आणि ते सगळं बारेलीत चाललं होतं. वर्गात शिक्षकांनी हिंदीत प्रश्न विचारला की मुलं आधी आमच्या बाकाकडे वळून पाहत, मग खाली पाहत, असंही तिने नोंदलं होतं. तिच्या त्या पानांत विशेषण नव्हतं म्हटलं तरी चालेल.

मी लाल शाईने लिहिलं, ‘पद्धती पाळलेली नाही’, आणि गुण कापले.

तक्त्याचा मुद्दा पूर्ण खोटा नव्हता. वेळेची नोंद नसेल, कोणत्या मुलाकडे किती वेळ पाहिलं हे नसेल, तर दुसऱ्याला तेच पुन्हा करून पाहता येत नाही. एका सुट्टीतल्या एका मुलावरून काही सिद्धही होत नाही. हे सगळं मी स्वतःला तेव्हा सांगितलं असणार. पण आज त्या शेऱ्याकडे पाहतो तेव्हा त्यात पद्धतीची काळजी कमी आणि दुखावलेपण जास्त दिसतं. तिच्या दोन पानांनी माझा अख्खा निष्कर्ष उलटा केला होता आणि तेही मी ज्या मुलीला फक्त भाषांतरासाठी नेलं होतं तिने. पाहिलं जातं आहे हे कळल्यावर माणसाचं वागणं बदलतं, हे मी हॉथॉर्नच्या कारखान्याचं उदाहरण देऊन शिकवतो. शिकागोजवळ १९२४ ते १९३२ या काळात झालेले ते प्रयोग आणि त्यांवरचे वाद मला पाठ आहेत. धूलकोटच्या वर्गात तोच परिणाम माझ्यासमोर घडत होता, तिने तो टिपून माझ्या टेबलावर ठेवला होता, आणि मी त्याला चूक म्हटलं.

असं का होतं? जे शिकवता येतं ते दिसत का नाही? रॉबर्ट रोझेन्थाल आणि केरमिट फोड यांचा १९६३ सालचा उंदरांचा प्रयोग मी या प्रश्नासाठी पुन्हा वाचला. विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले होते; काहींना सांगितलं की हे चक्रव्यूहात हुशार निघणाऱ्या वाणाचे, काहींना सांगितलं की हे मठ्ठ वाणाचे. ‘हुशार’ उंदरांचे आकडे सरस आले. विद्यार्थी लबाडी करत होते असं मानायची गरज नाही. अपेक्षा हातात उतरली, डोळ्यांत उतरली, उंदराला कसं उचलायचं यात उतरली. मला धूलकोटला जाण्याआधी कोणी काही सांगितलं नव्हतं, असं मी म्हणू शकतो का?

सांगितलं होतं. फार पूर्वीपासून सांगितलं जात होतं. आमचा निमाड मध्य प्रांतात होता तेव्हा आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी त्या प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले, १९१६ साली. त्यांत रीतिभाती, लग्नविधी, समजुती यांची अफाट माहिती आहे. तिचं मोल मी नाकारत नाही. पण त्या काळच्या अशा ग्रंथांत अख्ख्या समाजाचा स्वभाव दोन-तीन विशेषणांत सांगून टाकायची पद्धत होती आणि ती विशेषणं पुढे सरकारी कागदांत, शिक्षकांच्या बोलण्यात, आमच्या घरातल्या गप्पांत उतरली. ‘तिकडची मुलं बुजरी असतात’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. वहीत ‘लाजाळू’ लिहिलं तो क्षण निरीक्षणाचा होता, असं मला वाटलं होतं. तो आठवणीचा होता.

मेरी एन्सवर्थ यांच्या बाबतीतही मी असंच अर्धं शिकवत आलो. आई खोलीतून जाते, परत येते, अनोळखी माणूस आत येतो, आणि त्या वीसेक मिनिटांत बाळ कसं वागतं यावरून त्याचा आईशी असलेला बंध ओळखायचा. ही त्यांची पद्धत परीक्षेत हमखास विचारतात. पण त्याआधी १९५४-५५ साली त्या युगांडातल्या घरांमध्ये जाऊन बसल्या होत्या. नंतर बाल्टिमोरमध्ये एकेका कुटुंबाकडे बाळाच्या पहिल्या वर्षभरात दर तीन आठवड्यांनी, एका वेळी चार-चार तास, म्हणजे एका घरात सुमारे ७२ तास निरीक्षण झालं. त्या वीस मिनिटांना अर्थ आला तो या ७२ तासांमुळे. जगाने वीस मिनिटं उचलली, कारण ती प्रयोगशाळेत मावतात. मीही तीच उचलली. आणि जपानमध्ये ती पद्धत नेली तेव्हा बाळं फार रडली. आईपासून क्षणभरही दूर राहायची सवय नसलेल्या बाळाला एकटं ठेवलं तर त्याचं रडणं बंधाबद्दल सांगतं की त्या खोलीबद्दल, हा प्रश्न उभा राहिला. धूलकोटच्या बाजारातलं ते कडेवरचं बाळ त्या खोलीत ठेवलं असतं, तर मी काय लिहिलं असतं? मला उत्तर ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

इथवर आल्यावर मनात उलट शंकाही येते. विशेषणं टाकून नुसती क्रियापदं ठेवली की निरीक्षण शुद्ध झालं का? कोणतं क्रियापद लिहायचं हेही मीच निवडतो. बाळ रडलं ते दिसतं, त्याच वेळी मागे बसलेल्या आजीने सुपारी कातरणं थांबवलं ते दिसत नाही, कारण माझी नजर बाळावर. रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांनी १९४९ साली अमेरिकेतल्या एका लहान गावात सात वर्षांच्या मुलाचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा एक दिवस आळीपाळीने लिहून घेतला. त्याचं चारशेहून अधिक पानांचं पुस्तक झालं. तरीही त्यात त्या दिवसाचं काहीतरी निसटलंच असणार. आणि दुसरी भीती अशी की माणसाला हालचालींच्या यादीत उतरवलं तर त्याचं दुःखही हालचाल होऊन बसेल. ज्या आईला मी ‘उदासीन’ म्हटलं, ती ऊसतोडीला परमुलखात जाऊन नुकतीच परतलेली असू शकते. तिच्या चेहऱ्यावरचा थकवा मी ‘हात मांडीवर, नजर जमिनीकडे’ एवढ्यावर आणून ठेवला तर तो न्याय झाला का?

या शंकेचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण कोसबाडच्या बालशिक्षणाच्या कामाकडे पाहिलं की काही उजेड पडतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. त्यासाठी त्या काळी तयार विशेषण होतं: यांना शिक्षणाची आवड नाही. ते स्वीकारलं असतं तर पुढे करण्यासारखं काही उरलंच नसतं. या बायांनी मुलं दिवसभर काय करतात ते पाहिलं. मूल अंगणात खेळतं, म्हणून बालवाडी अंगणात नेली आणि अंगणवाडी झाली. मूल गुरं घेऊन कुरणात जातं, म्हणून शिक्षक कुरणात गेला आणि कुरणशाळा झाली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणल्या, बहिणीने भावाला सोबत आणावं आणि स्वतः शिकावं. शंख, शिंपले, पानं, बिया हीच साधनं झाली. पुढे १९७५ साली देशभर सुरू झालेल्या योजनेत अंगणवाडी हेच नाव राहिलं.

कडेवर भाऊ घेतलेली बहीण त्यांनी पाहिली, तशीच मीही पाहिली. त्यांनी ‘घेऊन फिरते’ असं पाहिलं आणि तिथून पाळणाघर निघालं. मी ‘अकाली प्रौढ’ असं पाहिलं आणि तिथून माझा परिच्छेद निघाला. फरक बुद्धीचा आहे असं म्हणून मला सुटता आलं असतं. तो मुक्कामाचा आहे. त्या दोघी दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार होत्या. मुलं आली नाहीत तर त्यांचं काम अडणार होतं, आणि चूक पाहिलं तर चुकीचा परिणाम त्यांच्या दारात येणार होता. माझ्या चुकीचा परिणाम माझ्या दारात कधीच येणार नव्हता. म्हणूनच कदाचित माझ्या हाताला विशेषणांची इतकी घाई होती.

मला आता एवढं थोडं थोडं स्पष्ट होतं आहे की विशेषण वाईट नाही, त्याची जागा शेवटी आहे. दिवसचे दिवस बसून, त्या आईशी तिच्या भाषेत कोणाच्या तरी मदतीने बोलून, मग ‘ती थकलेली आहे’ असं कोणी लिहिलं, तर ते वाक्य कोणत्याही तक्त्यापेक्षा खरं असेल. ते वाक्य कमवायला जो वेळ लागतो तो मी दिला नव्हता. आणि पाहिलेलं लिहून झाल्यावर ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवायला हवं होतं. तो खड्यांनी वजाबाकी दाखवणारा मुलगा ‘अबोल’ हा शब्द ऐकून काय म्हणाला असता?

त्या विद्यार्थिनीचे गुण आता बदलता येत नाहीत. निकाल केव्हाच लागला. तिला मी कळवलं आहे की तो शेरा चूक होता आणि धूलकोटच्या त्या वर्गाबद्दल आमच्याकडे उपयोगाचं काही असेल तर ते तिचं लिहिलेलं आहे. माझी वही मी लेखासाठी वापरणार नाही.

प्रात्यक्षिकाच्या फायली तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आणि सर्वेक्षणाचे तक्ते भरून घेणाऱ्या शिक्षकांना, अंगणवाडीताईंना एक विनंती आहे. यंदा फायली हातात येतील तेव्हा डावा रकाना आधी वाचा. तो रिकामा असेल तर उजव्या रकान्यातल्या कितीही सुंदर शब्दांना गुण देऊ नका. आणि एखाद्या मुलीने तक्ता अर्धा सोडून बाहेर जाऊन काही लिहिलं असेल, तर लाल पेन उचलण्याआधी ते शेवटपर्यंत वाचा.